खडू खाणारी भिंत

'काही होत नाही' हे वाक्य माझ्या सासरी मिठासारखं वापरतात. गॅसची नळी चिरलीय? काही होत नाही. पोर कठड्यावर चढलंय? काही होत नाही, उतरेल. या घराण्यात काही न होण्याचा झेंडा माझ्या नणंदेच्या हातात आहे. सगळे तिला ठमी म्हणतात. नवऱ्याच्या पाठची एकुलती एक बहीण, लाडाने शेफारलेली, आणि इतकी मोकळी की तिच्यावर चिडून राहणं अवघड. लग्न होऊन मी घरात आले आणि दाराच्या कड्या दोनदोनदा तपासायला लागले, तेव्हा हिनेच मला 'शंकासूर' हे नाव दिलं. ते चिकटलं. मी मनावर घेतलं नाही. जुन्या इमारतींची छपरं अजून किती भार पेलतील हे तपासणं हा माझा व्यवसाय आहे. तिथे शंका घेण्याचाच पगार मिळतो.

तर ही ट्राम शेड. ट्रामगाड्या बंद पडून जमाना झाला, पण शेड उभी आहे. विटांच्या दोन लांबलचक भिंती, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रिव्हेट ठोकून जोडलेले पोलादी ट्रस. गवंडी त्यांना कैच्या म्हणतात. सगळं छप्पर त्या कैच्यांवर. वारसा इमारतींच्या यादीत असल्यामुळे ती पाडता येत नाही, आणि म्हातारी झाल्यामुळे तपासल्याशिवाय वापरता येत नाही. आता तिथे प्रदर्शनं भरतात, मुलांच्या स्पर्धा होतात. शेड सांभाळणाऱ्या मंडळाने तपासणीचं काम आमच्या ऑफिसला दिलं.

शेडच्या एका भिंतीला बाहेरून लागून पूर्वी तिकीट कारकुनांची खोली होती. तिथे ठमीचं पाळणाघर आहे. शेडची भिंत हीच तिच्या खोलीची मागची भिंत. दोन ट्रसची टोकं तिच्या फॉल्स सीलिंगच्या वर, या भिंतीतल्या कोनाड्यांत येऊन टेकतात. खाली त्याच भिंतीलगत छोट्या गाद्या मांडलेल्या असतात आणि दुपारी ठमीकडची सगळी मुलं तिथे झोपतात. त्यांत माझी मुलगीही असते.

हे घरचं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला द्या, असं मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सर म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. सगळे केस पांढरे, आवाज मात्र तरण्या माणसाचा. ते म्हणाले, "मग तर तुम्हीच करा मॅडम. स्वतःची मुलगी झोपते ते छप्पर माणूस डोळ्यांत तेल घालून बघतो."

तेल घालून मी बघितलंही. गंज खरवडला, रिव्हेट ठोकून ऐकले, पोलादाची जाडी मोजली. एवढं एकच राहिलं होतं, की ठमीच्या छताच्या वरचे ते दोन कोनाडे मी उघडून पाहिले नव्हते. ती म्हणाली, मुलं आहेत, धूळ नको, सुट्टीत बघ. सर म्हणाले, बाकीच्या सगळ्या टोकांची तब्येत उत्तम आहे, याच दोघांनी काय घोडं मारलंय? मी मान डोलावली. ठमीशी भांडण नको म्हणून डोलावली, हे मला आतून माहीत होतं.

भार-चाचणी सुट्टीच्या दिवशी ठेवली, म्हणजे पाळणाघर बंद. सकाळी मी घाईघाईने डबा भरत होते आणि मुलगी दुधाचा पेला समोर घेऊन वेळ काढत होती.

"आई, भिंत आता अख्खा खडू खाते."

"हो का?"

"आधी तुकडाच खायची. आता तिचं तोंड मोठं झालंय. आम्ही सगळे तिला भरवतो. आत्या ओरडते."

"ओरडणारच. दूध संपव."

मुलं काय, काहीही बोलतात. मी निघाले.

भार-चाचणी ही बघायला गंमतशीर गोष्ट आहे. ट्रसच्या सांध्यांना मोठमोठ्या पिशव्या टांगतात आणि त्यांत हळूहळू पाणी भरतात. वजन वाढतं तसा ट्रस मधोमध खाली वाकतो. किती वाकला ते काटा लावलेलं गेज दाखवतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, एवढंसं वाकणं असतं. पण त्या एवढ्याशातच सगळं असतं. जे पोलाद जराही वाकत नाही ते चांगलं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. हिशोबाने जेवढं वाकायला हवं तेवढं वाकून, भार काढल्यावर जो जागेवर येतो तो ट्रस शहाणा. फार वाकला तर तो थकलाय. आणि कमी वाकला तर? तर आपला हिशोब चुकलाय, किंवा आपल्याला ठाऊक नसलेलं कुणीतरी त्याला मदत करतंय.

सकाळी शेडच्या मधला एक ट्रस तपासला. अगदी हिशोबाबरहुकूम वाकला. दुपारी पाळणाघराच्या वरचा घेतला. पत्रे तापून कडकड वाजत होते. पिशव्या पूर्ण भरल्या, आम्ही थांबलो, आणि काटा हिशोबाच्या बराच अलीकडे थांबला. पुढे जाईचना.

मंडळाचे चिटणीस दुर्बीण लावून बघत होते. त्यांनी टाळी वाजवली. "जुन्या लोकांचं काम ते जुन्या लोकांचं काम. हलायला तयार नाही."

सर हसले. फिटरने पिशव्यांखालून बाहेर येऊन घाम पुसला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. मी गेज झटकलं, दुसरं लावलं. आकडा तोच.

"सर, हा कमी आहे."

"चांगलंच आहे की."

"सकाळचा ट्रस आणि हा, एका साच्यातले आहेत. तेच पोलाद, तीच लांबी, तेच पाणी. तो एवढा वाकतो आणि हा नाही, असं कसं? उलट याला गंज जास्त आहे."

"मॅडम," सर म्हणाले, "निकाल चांगला आला म्हणून तोंड पाडणारं माणूस मी आजच बघतोय. तुमची शंका मला मान्य आहे. पण बाप दाखवा नाहीतर श्राद्ध करा. नुसत्या शंकेवर मी यांना काय सांगू?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. चिटणीसांना संध्याकाळी मंडळासमोर तोंडी निकाल सांगायचा होता. ठमीची खोली पुढे चालू राहायची की नाही, तेही त्याच बैठकीत ठरणार होतं. असली उन्हाची, पुढे अंगण असलेली खोली तिला दुसरीकडे मिळणार नव्हती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आणि मी सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई आहे, हेही माहीत होतं. मी स्वतःलाच दटावलं. तुला चांगलं बघवत नाही, म्हटलं. सगळं नीट आहे तर त्यात काड्या कशाला करतेस?

पण मदत कोण करतंय, हा प्रश्न जाईना.

या ट्रसचं एक टोक समोरच्या भिंतीवर बोल्टने पक्कं जखडलेलं असतं आणि दुसरं, ठमीच्या बाजूचं, मोकळं असतं. त्याच्याखाली लोखंडी लाटण्यांसारखे दोन रूळ असतात. उन्हात पोलाद तापतं, लांब होतं, तेव्हा ते टोक रुळांवरून बाहेर सरकतं. गारठ्यात आत येतं. वजन पडलं की तेव्हाही जरासं सरकतं. ज्यांनी शेड बांधली त्यांनी त्याला श्वास घ्यायला जागा ठेवलेली. आता ते टोक सरकेनासं झालं असेल, कशात तरी अडकलं असेल, तर ट्रस कमी वाकेल. आणि सरकता येत नाही म्हणून तो करणार काय? जे समोर आहे त्याला ढकलेल. समोर भिंत आहे. दर उन्हाळ्यात, रोज दुपारी, केसभर, केसभर.

भिंत ढकलली गेली तर आडव्या भिंतीपासून कोपऱ्यात सुटेल. कोपऱ्यात भेग पडेल. आधी बारीक. मग—

भिंत आता अख्खा खडू खाते.

मी मचाणाचा पाइप धरला. "पाणी सोडा," मी म्हणाले. फिटरला वाटलं मी सहज बोलले. मी ओरडले, तेव्हा तो धावला. पिशव्यांमधलं पाणी जमिनीवर आदळायला लागलं, चिटणीसांचे बूट भिजले, आणि सर माझ्याकडे बघत राहिले. मी शिडी उचलून पाळणाघराकडे निघाले.

ठमी तिथेच होती. निकाल ऐकायला आली होती आणि सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा आणला होता. माझा चेहरा बघून तिचा उतरला.

"नापास झाला?"

"नाही. तुझं सीलिंग काढायचंय. कोपऱ्यातलं."

"वहिनी, उद्या मुलं येणार आहेत. मी आत्ताच सगळं पुसून घेतलंय."

"उद्या मुलं येणार आहेत म्हणूनच."

"अगं, पास झाला ना? मग? तुला ना, सुखाने बसवतच नाही. बाहेर सगळे हसतायत आणि तू शिडी घेऊन आलीस. काही होत नाही गं."

मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोलले ते आठवत नाही. 'तुझ्या काही-होत-नाहीपायी' असं काहीतरी होतं. तिने स्वतःच खेळण्यांचं कपाट सरकवायला सुरुवात केली. कपाटामागे कोपऱ्यात छतापासून खालपर्यंत भेग होती. तिच्यावर पुट्टी भरलेली होती आणि ती पुट्टीही फाटली होती.

"ही जुनीच आहे," ठमी म्हणाली. "दर उन्हाळ्यात उघडते. मी भरून घेते. पोरं परत उकरतात, खडू कोंबतात. म्हणून तर कपाट लावलं, तरी मागे हात घालतातच."

मी भेगेत बोट घातलं. खाली नखही जाईना, छातीच्या उंचीवर करंगळी गेली. शिडीवर चढून सीलिंगची चौकट ढकलली आणि वर टॉर्च मारला, तर तिथे माझी तीन बोटं सहज गेली असती. मी ती घातली नाहीत.

ट्रसचं टोक जिथे असायला हवं होतं तो कोनाडा दिसलाच नाही. तिथे सपाट, गुळगुळीत, राखाडी गिलावा होता. पोलाद त्या गिलाव्यात शिरून नाहीसं झालं होतं. शेजारचा कोनाडाही तसाच. इतकं नीट काम, की हात फिरवावासा वाटावा.

"हे कुणी केलं?" मी वरून विचारलं.

"मी करून घेतलं," खालून ठमीचा आवाज आला, आणि त्यात थोडा अभिमान होता. "तिथून कबुतरं यायची गं. घाण, पिसं, सगळं सीलिंगवर. एका बाळाला दम लागायला लागला, डॉक्टर म्हणाले कबुतरांमुळे. मग गवंडी बोलावला आणि भोकं बुजवून टाकली. मुद्दाम चांगलं सिमेंट घालायला लावलं. म्हटलं, मुलांचा प्रश्न आहे, कच्चं काम नको. का गं?"

मी लगेच उतरले नाही. सिमेंट कच्चं असतं, तर ते भुगा होऊन पडलं असतं आणि ट्रसने आपली वाट काढली असती. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

तेवढ्यात सर आले. त्यांनी भेग बघितली, मग काही न विचारता शिडी चढले. त्यांचे गुडघे दुखतात, ते शिडी चढत नाहीत. वर बराच वेळ टॉर्च हलत राहिला. खाली आल्यावर त्यांनी चिटणीसांना हाक मारली आणि म्हणाले, "बैठकीत सांगा, ट्रस उत्तम आहेत. भिंत नाही. ही खोली आजपासून बंद. चूक आमची, हे आम्ही आधी बघायला हवं होतं."

ठमी हातात चहाचा कप घेऊन उभी होती. तिने एकदा भेगेकडे बघितलं, एकदा वर, आणि मग खाली कोपऱ्यात रचून ठेवलेल्या छोट्या गाद्यांकडे. तिला सगळं कळलं. मला काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोचले. भिंतीला बाहेरून टेकू लावायचे होते. ठमी माझ्याही आधी येऊन फाटकात उभी होती. एकेक आई, एकेक बाप मुलाला घेऊन येत होता आणि ती प्रत्येकाला थांबवून सांगत होती. मला वाटलं होतं, ती म्हणेल छपराचं काम निघालंय. ती म्हणत होती, "माझ्याकडून चूक झाली. मी भोकं बुजवली, त्याने भिंत सुटली. मुलांना आत घेता येणार नाही." कुणी चडफडलं, कुणाला ऑफिस गाठायचं होतं. एक आई आपल्या बाळाला घट्ट धरून परत फिरली. त्या बाईच्या पाठीकडे ठमी बघत राहिली. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी टेकूच्या माणसांना उगीचच सूचना देत राहिले.

टेकू बसले, ट्रसखाली जॅक लागले. गिलावा फोडायचा तो पहाटेच्या गारव्यात, असं मी ठरवलं होतं. लोखंड थंड असताना त्याचा जोर कमी असतो. ठमीला मी लांब अंगणाच्या टोकाला उभं केलं. गवंडी वर चढला, छिन्नी लावली. ठक, ठक. बारीक तुकडे पडायला लागले. गवंडी म्हणाला, "बाई, सिमेंट लई भारी आहे." मी अंगणाकडे बघितलं नाही.

मग एकदम धाड्‌ असा आवाज झाला. धूळ उडाली. टेकू करकरले. गवंडी शिडीला चिकटला आणि मी डोळे मिटून घेतले. मी घेतलेलं शिक्षण, केलेले हिशोब, सगळं बाजूला राहिलं आणि मी चक्क डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा भिंत जागेवर होती. वर गवंडी खोकत होता. कोनाड्यात ट्रसचं टोक मोकळं दिसत होतं आणि खालचे रूळ फिरले होते. नखाएवढे. एवढा मोठा आवाज, आणि सरकणं नखाएवढं.

दुसरा कोनाडाही तसाच मोकळा झाला. पुढे भिंतीचा वरचा भाग उतरवून नव्याने बांधायचं ठरलं. त्याच विटा, चुन्याचा जुना माल, आणि कोनाड्यांना बारीक जाळी, म्हणजे कबुतरं येणार नाहीत आणि पोलाद सरकेल. तोवर पाळणाघर बंद. किती दिवस, ते कुणी सांगू शकत नव्हतं. भिंतीचा हिशोब मी घरी बसून केला, तीन वेळा केला. तापलेली दुपार, वर छपरावर चढलेली चार माणसं, किंवा नुसता जोराचा वारा. उत्तर दरवेळी तेच येत होतं. ते मी सरांना दाखवलं. घरात कुणाला दाखवलं नाही.

विटा उतरवायच्या दिवशी ठमी गाद्या न्यायला आली. गवंड्याने कोपऱ्यातली वीट काढली आणि आतून रंगीत खडू घरंगळले. लाल, पिवळे, निळे, चिकट झालेले. खाली खोलवर बारीक तुकडे, त्यावर अर्धे, आणि सगळ्यात वर अख्खे. एकाच्या टोकावर अजून दातांच्या खुणा होत्या. गवंडी हसायला लागला. ठमी खाली बसली आणि ते ओंजळीत गोळा करायला लागली.

"पोरं सांगत होती," ती म्हणाली. "रोज सांगत होती, मावशी, तोंड मोठं झालं. मी म्हणायचे, खडू वाया घालवू नका."

"मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, दूध संपव."

ती हसली नाही. खडू ओढणीत बांधले, गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, एकदाच विचारते. परत कधी विचारणार नाही. पडली असती का गं?"

तीन वेळा केलेला हिशोब माझ्या डोळ्यांपुढे होता. आजवर कुणी छपराबद्दल काही विचारलं आणि मी खोटं सांगितलं, असं झालेलं नाही. माझ्या धंद्यात तेवढं एकच पाप आहे.

"काही झालं नसतं," मी म्हणाले.

ठमीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं नाही.

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. मग गाद्यांच्या चळतीची एक बाजू धरून उभी राहिली. "धर. दुसरी बाजू उचल."